रानात पोटभर मिळत होतं, मग शेती कशाला?

शाळेत आपण शेतीची गोष्ट अशी शिकलो की माणूस आधी रानात भटकायचा, कंदमुळं खायचा, बऱ्याचदा उपाशी झोपायचा, मग कुणाच्या तरी लक्षात आलं की बी पेरलं की रोप येतं आणि सगळं मार्गी लागलं. यातली उपाशी झोपायची बाजू तरी जरा तपासून घ्यायला हवी. १९६०च्या दशकात जॅक हार्लन नावाचा अमेरिकन वनस्पतीशास्त्रज्ञ तुर्कस्तानात गेला, तिथल्या डोंगरउतारांवर जंगली गहू आजही आपोआप उगवतो, आणि या पठ्ठ्याने गारगोटीच्या पात्यांचा विळा घेऊन तो कापून बघितला. तासाभराच्या कापणीतून साफ केलेले सुमारे किलोभर दाणे मिळाले. त्याचा हिशोब असा की एका कुटुंबाने गहू पिकलेला असताना तीनेक आठवडे हात चालवला तर वर्षभर पुरून उरेल एवढं धान्य जमतं. ना नांगरणी, ना पेरणी, ना राखण.

मग शेतीच्या भानगडीत पडलं कोण, आणि का?

याचं एकच एक उत्तर कुणाकडे नाही, पण सिरियातलं अबू हुरैरा हे गाव बघितलं तर बऱ्याच गोष्टी उलगडतात. युफ्रेटिसच्या काठावरची ही जागा १९७२-७३ मध्ये अँड्र्यू मूर यांच्या टीमने घाईघाईत खोदली, कारण तबका धरणाचं पाणी चढणार होतं, आज ती सगळी असद जलाशयाखाली आहे. त्यांनी काय केलं तर खणलेली माती पाण्यात ढवळली, माती खाली बसते आणि जळालेले दाणे वर तरंगतात, ते गोळा केले. एरवी असले बारीक दाणे मातीबरोबर फेकलेच जायचे. ते दाणे गॉर्डन हिलमन यांनी तपासले तर सुमारे १३,००० वर्षांपूर्वीचे लोक शंभराहून जास्त प्रकारच्या वनस्पती गोळा करत होते असं निघालं, शिवाय दरवर्षी येणाऱ्या गॅझेलच्या कळपांची शिकार (आपला चिंकारा याच घराण्यातला). आणि हे लोक भटके नव्हतेच, बहुधा वर्षभर तिथेच राहायचे. म्हणजे घर आधी, शेती नंतर! मला तरी हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

पुढे सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी हवामान अचानक थंड आणि कोरडं झालं आणि हजारभर वर्षं तसंच राहिलं. जवळपासचं रानधान्य कमी झालं, लोकांनी जे मिळतंय त्याची निगा राखायला आणि पेरायला सुरुवात केली, असं हिलमन यांचं म्हणणं होतं, ते सगळ्यांना पटलेलं नाही. काही का असेना, काही हजार वर्षांनी त्याच जागेवर मातीच्या विटांच्या घरांचं मोठं शेतकरी गाव दिसतं.

आता या शेतकऱ्यांची हाडं बघा. थेया मोलेसन यांनी ती तपासली तेव्हा पायाच्या अंगठ्याचे सांधे झिजलेले, गुडघ्यांवर ताणाच्या खुणा, कमरेजवळचे मणके खराब, आणि हे जास्त करून बायकांमध्ये. कारण दळण. आपला पाटा-वरवंटा डोळ्यासमोर आणा, फक्त जमिनीवर गुडघे टेकून, पायाची बोटं आत दुमडून, अख्खं शरीर पुढे-मागे रेटत तासन् तास, आणि तेही रोज, कारण घरातली सगळी तोंडं त्या पिठावरच. दगडाची कच पिठात यायची त्यामुळे दात झिजलेले आणि तुटलेले. शेतीचा फायदा कुणाला झाला ते नंतर बघू, पण तिची किंमत कुणी मोजली ते इथे हाडांवर लिहिलंय.

गव्हाचं म्हणाल तर तोही बदलायला निवांत होता. जंगली गव्हाची ओंबी पिकली की आपोआप तुटून दाणे जमिनीवर सांडतात, त्याशिवाय पुढची रोपं येणार कशी. पण काही रोपांत जनुकीय बदलामुळे ओंबी तुटत नाही, रानात असली रोपं वाया जातात, पण कापणीच्या वेळी तेच दाणे जास्त हातात येतात आणि पुढच्या वर्षी तेच पेरले जातात. प्रयोगांवरून अंदाज होता की दोनशे वर्षांच्या आतसुद्धा सगळं पीक असं होऊ शकतं. प्रत्यक्षात उत्खननातल्या ओंब्यांवरून दिसतं की दोन-तीन हजार वर्षं लागली. म्हणजे कित्येक पिढ्या लोक थोडं पेरायचे, थोडं गोळा करायचे, शिकार तर चालूच. आपण शेतीचा शोध लावतोय असं त्यातल्या कुणालाही वाटलं नसणार.

आणि दरम्यान माणसं वाढली. भटक्या आईला दुसरं मूल तीन-चार वर्षांच्या अंतरानेच परवडतं, दोन कडेवर घेऊन चालणार कशी? एका जागी राहिलं, बाळाला पेज-लापशी मिळायला लागली की अंतर कमी होतं. माणसं वाढली की आजूबाजूचं रान पुरत नाही, मग पेरणी वाढवा, मग अजून माणसं.

यातून मागे फिरता येतं का? याचं एक उदाहरण आपल्याकडेच आहे, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठचं इनामगाव. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या देखरेखीखाली डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ तिथे उत्खनन केलं. इ.स.पू. १४०० ते १००० च्या दरम्यान चौकोनी घरं, सातूचं पीक, पाण्यासाठी खोदलेला पाटसुद्धा. त्यानंतरच्या तीनशे वर्षांत चौकोनी घरं जाऊन छोट्या गोल झोपड्या येतात, शेती मागे पडते, जनावरं आणि शिकार यावरची भिस्त वाढते. ढवळीकरांनी याचं कारण दुष्काळ सांगितलं, त्यावर नंतर बराच वाद झाला. मात्र त्या शेवटच्या काळातल्या लहान मुलांची हाडं बघितली तर वाढ खुंटलेली दिसते, म्हणजे रानाकडे वळले म्हणून हार्लनच्या हिशोबासारखी चंगळ काही झाली नाही. इ.स.पू. ७०० च्या सुमारास गाव ओस पडलं.