हिरवा ठसा उमटवणारी छत्री

जुलैत इंदुरात तीन दिवस झड लागली होती. चौथ्या दिवशी सकाळी पोहे आणायला बाहेर पडले, तर कॉलनीच्या बगिच्यातल्या हिरवळीवर दहा-बारा छत्र्या उगवलेल्या. अर्धवर्तुळात, कुणी मुद्दाम लावल्यासारख्या. पांढऱ्याशुभ्र, डोक्यावर मधोमध तपकिरी खवले, सगळ्यात मोठी तर ताटलीएवढी. शेजारच्या काकू पिशवी घेऊनच आल्या होत्या. "अगं, बाजारात डब्यातून मिळते तीच ही. फुकट उगवलीय!" मी म्हटलं, "काकू, एक रात्र थांबा. मला त्यातली एक द्या, उद्या सकाळी सांगते."

त्या थांबल्या, हे फार बरं झालं.

आपण घरात हिला कुत्र्याची छत्री म्हणतो, बाहेर हिंदीत कुकुरमुत्ता. चांगली खाण्याजोगी असली की तिची अळंबी होते. या नावांमुळे वाटतं, की छत्र्यांच्या दोनच जाती असाव्यात, एक विषारी आणि एक खायची. प्रत्यक्षात त्यांच्या हजारो जाती आहेत, आणि खायच्या जातीची सख्खी बहीण विषारी निघू शकते. शिवाय दिसते ती छत्री म्हणजे बुरशीचं फक्त फळ. खरी बुरशी जमिनीत बारीक धाग्यांच्या जाळ्यासारखी वर्षभर पसरलेली असते. एका ठिकाणाहून निघून ती चहूबाजूंना सारख्याच वेगाने वाढते आणि पाऊस पडला की कडेकडेने फळं धरते. आमच्या बगिच्यातलं अर्धवर्तुळ त्यातूनच आलं होतं. उरलेलं अर्धं सिमेंटच्या पायवाटेखाली गेलं असावं.

त्या संध्याकाळी मी छत्रीचा दांडा कापला. निम्मा पांढरा आणि निम्मा काळा कागद जोडून त्यावर टोपी पालथी ठेवली, वर एक पाण्याचा थेंब टाकला आणि मोठा वाडगा झाकला. टोपीच्या खालच्या बाजूला पुस्तकाच्या पानांसारखे पातळ पडदे असतात. त्यांच्यावरून रात्रभर लाखो बीजाणू गळतात आणि कागदावर त्या पडद्यांचं चित्र उमटतं. दोन रंगांचा कागद अशासाठी, की पांढरे बीजाणू पांढऱ्या कागदावर दिसत नाहीत. सकाळी वाडगा उचलला, तर मळकट हिरव्या रेघांचं एक चाक उमटलेलं. छत्र्यांमध्ये हिरवा ठसा फार दुर्मिळ. एवढी मोठी, खवलेदार, हिरवळीवर उगवणारी आणि हिरवा ठसा देणारी म्हणजे क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. (नाव ऐकून हरितद्रव्याची आठवण होते, पण कुठल्याही बुरशीप्रमाणे हिच्यातही ते नसतं. ग्रीकमधल्या 'हिरवं पान' या अर्थाच्या शब्दांवरून हे नाव पडलंय, आणि पान म्हणजे टोपीखालचे ते पडदे.)

ही खाल्ली की एक ते तीन तासांत पोट पिळवटून निघतं, उलट्या-जुलाब थांबत नाहीत, कधी रक्तही पडतं. जीव सहसा वाचतो, पण लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना शरीरातलं पाणी कमी होणं फार महागात पडू शकतं. फसवणूक होते ती वयामुळे. कोवळ्या छत्रीचे पडदे पांढरेच असतात. बीजाणू पिकले की ते हिरवट होतात, पण आपण तोडतो कोवळीच. डब्यातल्या बटण मशरूमचे पडदे आधी गुलाबी आणि मग चॉकलेटी होतात, तिचा ठसाही गडद तपकिरी येतो. म्हणून एक छत्री पाहून भागत नाही. त्याच घोळक्यातली कळी, भर उमललेली आणि कोमेजलेली अशा तिन्ही हाताशी हव्यात.

दुसरी गोष्ट माझ्या मते ठशाहूनही महत्त्वाची, आणि तिच्याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. छत्री कधी खुडू नये. सुरीने आजूबाजूची माती मोकळी करून बुडासकट उचलावी. जगातल्या छत्र्यांच्या विषबाधेतले बहुतेक मृत्यू ज्या अमानिटा कुळामुळे होतात, त्याची खूण मातीतच राहून जाते. अमानिटा कोवळी असताना अंड्यासारख्या पिशवीत असते. ती पिशवी फाडून वर येते, आणि दांड्याच्या बुडाशी फाटका पेला उरतो. दांड्यावर बहुधा बांगडीसारखं कडंही असतं, ठसा पांढरा. भाताच्या पेंढ्यावर वाढवतात त्या छत्रीच्या बुडाशीही असाच पेला असतो, पण कडं नसतं आणि ठसा गुलाबी येतो. आग्नेय आशियातून अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात गेलेल्या लोकांनी आपल्या गावाकडची म्हणून नेमकी अमानिटा उचलली आणि जीव गमावले.

अमानिटाचं विष यकृताच्या पेशींचं काम आतून बंद पाडतं. जनुकांमधली माहिती उतरवून घेणारं एक विकर ते अडवतं, मग पेशीला प्रथिनं बनवता येत नाहीत. उकळून, तळून, वाळवून ते नष्ट होत नाही. सहा ते बारा तास काहीच जाणवत नाही, कधी त्याहून जास्त वेळ जातो. मग उलट्या-जुलाब होतात आणि पुढे एखादा दिवस अगदी बरं वाटतं. घरचे निर्धास्त होतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ दिसते. म्हणून रानातली छत्री खाऊन त्रास झाला, तर बरं वाटत असलं तरी रुग्णालयात जायचं आणि उरलेली छत्री, साली, देठं जे हाती लागेल ते सोबत न्यायचं. एप्रिल २०२२मध्ये आसामात रानटी छत्र्या खाऊन १३ माणसं गेली.

बुडाचा फायदा उलट्या बाजूनेही होतो. वारुळाजवळ उगवणारी अळंबी खणून पाहिली, तर तिचा दांडा मुळासारखा निमुळता होत हातभर खोल गेलेला सापडतो, थेट वाळवीच्या घरात. सुमारे ३ कोटी वर्षं वाळवी ही बुरशी स्वतःच्या वारुळात पोसते आहे. तिच्या टोपीला मधोमध टोक असतं, ठसा गुलाबीसर येतो, आणि बुडाशी पेला नसतो. रानातल्या छत्र्यांमध्ये हिच्याइतकी स्वतःची ओळख सांगणारी दुसरी मला माहीत नाही. तरीही पहिल्यांदा खायची तर जाणत्या माणसाच्या हातूनच.

चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, लसूण काळा पडला तर विषारी, किड्याने खाल्ली तर सुरक्षित, हे सगळं मी आजीकडून ऐकलंय. यातलं एकही खरं नाही. चांदी गंधकाने काळवंडते, उकडलेल्या अंड्यानेही. गोगलगायी अमानिटा आनंदाने खातात.

काकूंनी त्या दिवशी ठशाचा कागद मागून घेतला आणि आता तो त्यांच्या फ्रिजवर लावलाय. त्यानंतर कॉलनीतून मला सगळ्यात जास्त विचारलं जातं ते कुंडीतल्या छत्रीबद्दल. मनीप्लांटच्या किंवा तुळशीच्या कुंडीत पावसाळ्यात लिंबासारखी पिवळीधमक, बोटभर छत्री येते. तिचं नाव ल्युकोकॉप्रिनस बर्नबॉमी. रोपाला ती काही करत नाही, मातीतलं कुजलेलं खत खाऊन जगते. उपटली तरी जाळं मातीत राहतं आणि ती पुन्हा येते. घरात रांगतं मूल असेल तर तेवढी काढून टाका, कारण पोटात गेली तर त्रास होतो. नसेल तर राहू द्या. सकाळी उमलते आणि लवकरच मान टाकते.