कोकण कपिला गाईचे दूध

कोकण किनारपट्टीवरील देशी गाईचे दूध व त्याचा मानवी आहाराशी असलेला संबंध. ही गाय पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत व गोव्यात आढळते. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०१८ मध्ये तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. तोवर ती ‘गावठी’ या सदरातच मोडत असे. कोणी मुद्दाम निवड करून ही जात घडवली असे मानण्यापेक्षा मुसळधार पाऊस, जांभ्याचे सडे व निकस चारा यांत तगून राहिलेल्या लहान चणीच्या जनावरांतून ती आकारास आली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. दूध दिवसाला साधारण दोन-अडीच लिटर.

हे दूध ‘ए-२’ प्रकारचे म्हणून अधिक आरोग्यदायी, ही त्याची अलीकडील कीर्ती दुधातील बीटा-केसीन या प्रथिनावर उभी आहे. २०९ ॲमिनो आम्लांच्या (प्रथिनाच्या घटकांच्या) या साखळीत ६७ व्या स्थानी प्रोलीन हे आम्ल असल्यास ‘ए-२’ व हिस्टिडीन हे असल्यास ‘ए-१’ प्रकार होतो. हिस्टिडीनचा बदल बहुधा पाच ते दहा हजार वर्षांपूर्वी युरोपीय गोवंशात झाला असावा. ए-१ च्या पचनात सात ॲमिनो आम्लांचा बीटा-कॅसोमॉर्फिन-७ हा तुकडा अधिक सहज सुटतो. १९९० नंतर न्यूझीलंडमधील काही संशोधकांनी त्याचा संबंध बालवयातील मधुमेह व हृदयविकाराशी जोडला. मात्र तो आधार मुख्यतः देशादेशांतील आकडेवारीच्या तुलनेचा होता. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाला २००९ च्या आढाव्यात कार्यकारणसंबंध आढळला नाही. ए-२ दुधाने पोटाच्या तक्रारी कमी होतात असे दाखवणाऱ्या नंतरच्या चाचण्या लहान असून त्यांतील काहींना दूध कंपन्यांचे अर्थसाहाय्य होते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये वेष्टनांवरील ए-१, ए-२ हे उल्लेख काढण्याची सूचना दिली व काही दिवसांतच ती मागे घेतली.

भारतीय गोवंशात ए-२ चेच प्राबल्य आहे, म्हशीचे दूधही ए-२ च असते. त्यामुळे या एका गुणावर कपिलेच्या दुधाला वेगळे औषधी मूल्य देता येत नाही. दुग्धशर्करा ए-१ व ए-२ या दोन्ही प्रकारांत सारखीच असते. ती न पचणाऱ्यांना दही अधिक सोसते, कारण विरजणातील जिवाणू तिचा काही भाग आधीच फोडतात.

भात, मासळी व नारळ यांवर चालणाऱ्या कोकणी आहारात दुधाचे स्थान पूरक आहे. काट्यांसह खाल्लेली बारीक मासळी कॅल्शियम पुरवते. शाकाहारी घरांत मात्र ते मुख्यतः दूध व ताकातून मिळते आणि ब-१२ जीवनसत्त्वासाठी तर दुधावाचून फारसा पर्याय उरत नाही. सोलकढीतला नारळाचा रस या दोहोंची उणीव भरून काढत नाही. चिकातील प्रतिपिंडे खरवस वाफवताना बहुतांशी निष्प्रभ होतात, प्रथिने टिकतात. धारोष्ण दूध पिण्याची जुनी चाल ब्रुसेलोसिस (जनावरांपासून माणसाला होणारा जिवाणूजन्य ताप) व क्षयाच्या दृष्टीने धोक्याची असून दूध उकळूनच घ्यावे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात (स्थापना १९७२) पशुसंवर्धन व दुग्धशास्त्राचे अध्यापन व संशोधन चालते.