कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधीचा सातबारा

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘महाअ‍ॅग्री-एआय’ या शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धोरणाला मंजुरी दिली आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये ठेवले. त्याच्या वर्षभर आधी पोलिसांसाठी ‘मार्व्हल’ ही कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणारी सरकारी कंपनी उभी राहिली होती. ही सगळी गेल्या दोन-तीन वर्षांतली घडामोड वाटते. खरी सुरुवात मात्र तलाठ्याच्या दप्तरात झाली.

भूमी अभिलेख संगणकावर घेण्याची केंद्राची योजना १९८८-८९ ची. महाराष्ट्रात हस्तलिखित सातबारे संगणकात चढवताना कुठे नाव चुकले, कुठे क्षेत्राचा मेळ बसेना. मग गावोगाव चावडी वाचन घेऊन नोंदी वाचून दाखवाव्या लागल्या. तरीही राहिलेल्या चुकांसाठी शेतकरी आजही महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे अर्ज घेऊन जातो. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला, ऑगस्ट २०२१ मध्ये ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्याने मोबाइलवरून स्वतः पीक नोंदवणे, राज्यभर सुरू झाली, आणि आता ॲग्रीस्टॅक या केंद्राच्या डिजिटल शेती-माहिती योजनेतला शेतकरी क्रमांक याच नोंदींवर उभा आहे. सल्ला देणारी, नुकसान मोजणारी, पात्रता तपासणारी कोणतीही प्रणाली वाचणार ती हेच रकाने.

रकाने चुकले की काय होते, ते २०१७ च्या कर्जमाफीत दिसले. अर्ज ऑनलाइन, बँकांनी भरायचा तक्ता ६६ रकान्यांचा. याद्या हाती आल्या तेव्हा अनेक शेतकऱ्यांच्या नावापुढे एकच आधार क्रमांक निघाला. दिवाळीच्या तोंडावर प्रमाणपत्रे वाटली गेली, पण पैशांसाठी कित्येकांना ताटकळावे लागले. तिथे कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती, नुसती माहितीची जुळवाजुळव होती.

जुन्या पद्धतीत एक गोष्ट मोलाची होती, आणि ती हरवू नये असे मला कळकळीने वाटते. फेरफार नोंदवला की त्याच महसूल अधिनियमाच्या कलम १५० प्रमाणे तलाठ्याने त्याची प्रत चावडीवर लावायची, हितसंबंध असलेल्या प्रत्येकाला लेखी कळवायचे. हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढते, सुनावणी होते, आणि मगच नोंद प्रमाणित होते. यात दिरंगाई होती, चिरीमिरीही होती. पण आपल्या जमिनीवर काय लिहिले जातेय, हे माणसाला आधी कळण्याची सोय कायद्यातच होती.

तेलंगणात हाच टप्पा गळाला. ‘समग्र वेदिका’ ही प्रणाली अनेक खात्यांची माहिती एकत्र करते आणि नाव-पत्त्यातल्या साम्यावरून कोणती नोंद कोणाची हे ठरवते. शिधापत्रिका अशा संगणकीय छाननीवर रद्द झाल्या, कित्येकांना आधी नोटीसही मिळाली नाही. दुकानात धान्य नाकारले गेले तेव्हा घराला कळले. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १९ लाख रद्द पत्रिकांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन फेरतपासणी करायला सांगितले.

महाराष्ट्राकडे २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अर्ज फेटाळला तर कारण लेखी द्यावे लागते, अपील करता येते. पण तो अर्ज करणाऱ्यासाठी आहे. ज्याचा चालू लाभ छाननीत अडकला, त्याने कोणताच अर्ज केलेला नसतो. त्याच्यासाठी कलम १५० सारखी आगाऊ नोटीस, हरकतीची मुदत आणि सही करणारा अधिकारी, हे या नव्या धोरणांच्या नियमांत आत्ताच यायला हवे.