एएमडी ‘तापतो’ म्हणून मोठ्या कंपन्या इंटेल टाकतात?

जळगावात पारा ४५ ला टेकला की लॅपटॉपमधली मुख्य चिप (प्रोसेसर) एएमडी कंपनीची घ्यावी की इंटेलची, यावर हमखास सल्ला मिळतो: “एएमडी नका घेऊ भाऊ, आपल्या उन्हात तापतो. म्हणून तर मोठ्या कंपन्या इंटेलच टाकतात.”

यातलं तथ्य जुनं आणि अर्धवट आहे. २००१ च्या सुमाराची एएमडीची एथलॉन चिप चालू असताना तिच्यावरचा थंड करणारा पंखा निघाला तर जळायची, हे खरं. पण इंटेलचा २००४ चा प्रेस्कॉट पेंटियम प्रोसेसरही तापण्यासाठीच बदनाम होता. तरी डेलने २००६ पर्यंत एएमडीला हात लावला नाही.

कारण पैसा. एएमडीपासून लांब राहणाऱ्याला इंटेल सवलत म्हणून रग्गड पैसे परत करायची. अमेरिकेच्या एसईसीने (शेअर बाजाराची नियामक संस्था) २०१० मध्ये केलेल्या आरोपानुसार, २००७ आर्थिक वर्षाच्या पहिल्या तिमाहीत डेलच्या कामकाजी नफ्यातले ७६ टक्के या पैशांचेच होते! डेलने आरोप मान्य वा अमान्य न करता १० कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. युरोपने २००९ मध्ये इंटेलला १०६ कोटी युरो दंड केला. सवलतींबद्दलचा भाग २०२२ मध्ये कोर्टाने रद्द केला. एचपी, एसर, लेनोवो यांना एएमडी चिपचे कॉम्प्युटर रोखण्यासाठी पैसे दिल्याचा ठपका मात्र राहिला.

शिवाय लाखोंच्या ऑर्डरीला माल वेळेवर पुरवणं, तयार मदरबोर्ड डिझाइन, जाहिरातखर्चात वाटा, हेही कंपन्या बघतात.

आणि तापण्याचं म्हणाल, तर एकच चिप पातळ लॅपटॉपात भाजते, जाड्यात निवांत चालते. जिनिंगजवळच्या ऑफिसात आधी फॅनमधली रुई काढा. मग चिपला शिव्या द्या.