उंड्यातला तीळ

बडोद्यात दांडिया बाजारात राहा नाहीतर अलकापुरीत, ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये गळ्याची सोनोग्राफी झाली आणि रिपोर्टात थायरॉइड ग्रंथीत ‘६ मिमी नोड्यूल’, म्हणजे छोटी गाठ, आलं, की घरात कुणाला जेवण जात नाही. अशा वेळी फिनलंडचा हिशेब ऐकावा.

१९८५ साली छापून आलेल्या तिथल्या कामात शवविच्छेदनातल्या १०१ थायरॉइड ग्रंथींच्या २-३ मिमीच्या चकत्या करून तपासल्या. ३६ ग्रंथींत पॅपिलरी कॅन्सर, म्हणजे थायरॉइडचा नेहमी आढळणारा कॅन्सर, निघाला.

गंमत आहे ती चकत्यांची. अळूवडीचा उंडा एकेक सेंटिमीटरवर कापला आणि आत २ मिमीचा एकच तीळ असला, तर सुरी त्याच्यावरून जायची शक्यता दहात दोन. एरवी तो दोन कापांच्या मधे सुखरूप. मायक्रोस्कोपखाली अख्खी चकती जात नाही, तिच्या एका तोंडाचा काही मायक्रॉनचा पापुद्रा जातो. चकती २.५ मिमीची, गाठ अर्ध्या मिमीची, तर ती पाचात एकदाच दिसणार. एक दिसली म्हणजे चार सुटल्या असं धरायचं. फिनलंडमधल्या दोन तृतीयांश गाठी १ मिमीहून लहान होत्या! म्हणजे ३६ हा किमान आकडा. जगभरच्या सुमारे १२,८०० शवविच्छेदनांच्या बेरजेतही हेच दिसतं: अख्खी ग्रंथी तपासली तिथे सुमारे ११ टक्के, अर्धवट तपासली तिथे ४.

दक्षिण कोरियात सोनोग्राफी सरसकट होऊ लागली. १९९३च्या मानाने २०११मध्ये निदानं पंधरापट झाली, मृत्यूंचं प्रमाण होतं तिथेच राहिलं. थायरॉइड काढायची ऑपरेशनं मात्र झाली: बहुतेकांना जन्मभर उपाशीपोटी थायरॉक्सिनची (थायरॉइडच्या हार्मोनची) गोळी, काहींचं कॅल्शियम घसरलं, काहींचा आवाज बसला.

आयुर्वेदातल्या कांचनार गुग्गुळाने गाठ थांबल्याच्या कथाही यातल्याच. जी वाढणारच नव्हती, तिचं श्रेय कुणीही घ्यावं.

१ सेंमीखालच्या गाठीत तपासणीसाठी सहसा सुई घालत नाहीत. जपानमधल्या कोबेच्या कुमा हॉस्पिटलात १९९३पासून असे छोटे कॅन्सर नुसते नजरेखाली ठेवतात. दहा वर्षांत ३ मिमी किंवा जास्त वाढले ते शंभरात आठ. मानेत दुसरी गाठ, घोगरा आवाज, श्वासनलिकेला चिकटलेली गाठ असेल तर गोष्ट वेगळी. रक्ततपासणीतला टीएसएच नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त होऊ नका आणि बिघडलाय म्हणून घाबरूही नका. त्यावरून ग्रंथीचं काम कळतं, कॅन्सर नाही. गाठीची तिन्ही मापं लिहून घ्या आणि पुढची सोनोग्राफी शक्यतो त्याच ठिकाणी करा. १-२ मिमीचा फरक प्रोब धरणाऱ्या हाताचाही असतो.