फोर्स फीडबॅक चांगला म्हणजे फिजिक्स चांगलं?

रेसिंग सिमची, म्हणजे खऱ्यासारखी गाडी चालवू देणाऱ्या गेमची, चर्चा कुठेही चालू असो, एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘या गेमचं फिजिक्स जबरदस्त आहे, गाडी अगदी हातात जाणवते.’ यातला दावा आहे गाडीच्या वागण्याबद्दल, आणि पुरावा म्हणून पुढे केली जाते खेळण्याच्या स्टिअरिंगमधली, हाताला जोर देणारी मोटर, म्हणजेच फोर्स फीडबॅक. दोन्ही गोष्टी एकाच वळणावर, एकाच क्षणी घडतात, त्यामुळे त्यांची गल्लत होणं साहजिक आहे. पण फिजिक्स अचूक आणि हाताला मात्र काहीच कळत नाही, असं होऊ शकतं. हाताला सगळं छान लागतंय आणि गाडी रुळांवरून धावल्यासारखी वळतेय, असंही होतं. ‘हा गेम खरा की तो’ या वादांतले निम्मे वाद दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असल्यामुळेच मिटत नाहीत.

फिजिक्स म्हणजे गेमच्या आत चाललेलं गणित. स्टिअरिंग किती वळलं, ब्रेक आणि थ्रॉटल किती दाबले, कुठला गिअर आहे, एवढं त्यात जातं आणि गाडीची पुढची जागा, वेग, कल बाहेर येतो. असेटो कॉर्सा या गेममध्ये हे सेकंदाला ३३३ वेळा होतं, आयरेसिंगमध्ये ३६० वेळा, असेटो कॉर्सा कॉम्पेटिझिओनेमध्ये ४०० वेळा, आणि बीमएनजीमध्ये, जिथे गाडीचा सांगाडाच शेकडो बिंदूंचा आणि हजारो लवचिक जोडांचा बनलेला असतो, २००० वेळा. आकडा मोठा म्हणजे गेम खरा, असं मात्र समजू नका. चुकीचं सूत्र सेकंदाला २००० वेळा सोडवलं तरी उत्तर चुकीचंच येणार.

या गणिताचा गाभा म्हणजे टायर. वळताना टायरचं तोंड ज्या दिशेला असतं, नेमका त्याच दिशेला तो जात नाही. दोन्हींमध्ये थोडा कोन राहतो, त्याला स्लिप अँगल म्हणतात. हा कोन म्हणजे गाडी घसरली असं नव्हे. कोन नसेल तर गाडीला वळवणारा बाजूचा जोरच तयार होत नाही. कोन वाढतो तसा जोर वाढतो, नेहमीच्या रस्त्यावरच्या टायरमध्ये साधारण ६ ते १० अंशांच्या आसपास तो सर्वाधिक होतो, आणि तिथून उतरू लागतो. हा उतार हळूहळू आहे की कड्यासारखा, यावर गाडीचा स्वभाव ठरतो. ‘बर्फावर चालवल्यासारखं वाटतं’ अशी तक्रार ज्या गेमबद्दल असते, तिथे बहुतेकदा हा उतार गरजेपेक्षा तीव्र केलेला असतो: एकदा सुटली की परत सावरायला ग्रिपच, म्हणजे टायरची रस्त्यावरची पकडच, शिल्लक राहत नाही.

डेल्फ्ट विद्यापीठातले हान्स पासेयका आणि व्होल्वोचे अभियंते यांनी १९८० च्या दशकात मांडलेलं ‘मॅजिक फॉर्म्युला’ हे सूत्र अनेक गेमच्या मुळाशी आहे. टायर असा का वागतो हे ते सांगत नाही. चाचणीत मोजलेल्या आकड्यांवर चपखल बसणारी वक्ररेषा तेवढी देतं. त्यामुळे मोजमाप जिथवर आहे तिथवर ठीक. गाडी ३०-४० अंश आडवी झाली की गेम बनवणाऱ्याचा अंदाज सुरू होतो, आणि एकाच गाडीचं ड्रिफ्ट दोन गेममध्ये इतकं वेगळं का वाटतं, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

दुसरी गोष्ट वजनाची. १३०० किलोची गाडी घ्या, पुढे-मागे निम्मं-निम्मं वजन, दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर २.६ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर. १ जी (गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाइतका) कडक ब्रेक मारला की पुढच्या दोन चाकांवरचा भार ६५० किलोवरून ९०० वर जातो आणि मागच्यांवर ४०० उरतो. आता हाच ब्रेक वळणात शिरताना थोडा धरून ठेवला तर पुढचे टायर चावतात आणि मागची बाजू हलकी होऊन फिरायला मदत करते. शिवाय भार दुप्पट झाला म्हणून टायरची ग्रिप दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. पुढचा-मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारी सळई) बदलल्यावर गाडीचा तोल बदलतो तो यामुळे. एखाद्या गेममध्ये बार बदलूनही अंडरस्टिअर (पुढची बाजू बाहेर वाहणं) आणि ओव्हरस्टिअर (मागची बाजू सुटणं) यांत काहीच फरक पडत नसेल, तर तिथे फिजिक्सवर शंका घ्यायला जागा आहे.

एवढं सगळं झालं, आणि यात तुमच्या हाताला काय वाटलं याचा उल्लेखही आला नाही. गणिताला तुमचे हात माहीतच नसतात.

फोर्स फीडबॅक म्हणजे या प्रचंड गणितातून बाहेर काढलेला एक आकडा: स्टिअरिंगच्या दांड्यावर या क्षणी किती पीळ आहे आणि कुठल्या बाजूला. बस. चार टायर, चार सस्पेन्शन, शेकडो किलोंची हालचाल, आणि हातापर्यंत पोचते ती एकच किंमत, कमी-जास्त होणारी.

ही किंमत मुळात येते कुठून, ते पाहण्यासारखं आहे. टायरचा जमिनीला टेकलेला ठसा वळणात सारखा ताणलेला नसतो. मागच्या भागात ताण जास्त असतो. त्यामुळे बाजूचा जोर चाकाच्या मध्यावर न लागता थोडा मागे लागतो आणि चाकाला सरळ करू पाहतो. सस्पेन्शनच्या कॅस्टरमुळे, म्हणजे चाक वळण्याच्या अक्षाच्या मागे कललेल्या कोनामुळे, त्यात आणखी भर पडते. वळणात स्टिअरिंग हातात जड होतं आणि सोडलं की आपोआप सरळ होतं, ते यामुळे. पण स्लिप अँगल वाढत गेला की ठशाचा मागचा भाग आधी घसरू लागतो, जोराचं केंद्र पुढे सरकतं, आणि सरळ करणारा पीळ कमी होऊ लागतो. गंमत अशी की हे ग्रिप कमाल व्हायच्या आधीच होतं! म्हणजे स्टिअरिंग सर्वात जड असतं तेव्हा टायरकडे अजून थोडं द्यायला शिल्लक असतं, आणि टायर खऱ्या मर्यादेवर पोचतो तेव्हा हात हलका झालेला असतो. ‘जड म्हणजे ग्रिप, हलकं म्हणजे गेली’ एवढ्यावर चालवणारा माणूस प्रत्येक वळणात थोडा वेग सोडून देतो.

फिजिक्स बरोबर असेल तर हा हलकेपणा आपोआप उतरतो, कुणी वेगळा टाकावा लागत नाही. पण उतरण्याच्या वाटेवर चाळण्या आहेत. पहिली, गाडीचीच: पॉवर स्टिअरिंग. अमेरिकेतल्या इंडीकार शर्यतींच्या गाड्यांमध्ये ते नसतं, म्हणून त्या गाड्या हातांना अक्षरशः घाम फोडतात. फॉर्म्युला वनमध्ये असतं. आजच्या साध्या कारमधलं इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग रस्त्याची बरीचशी खबर गिळून टाकतं, म्हणजे अशा कारचं स्टिअरिंग गेममध्ये मुकं वाटलं तर ते कदाचित खरंच असेल.

दुसरी चाळणी तुमच्या टेबलाला क्लॅम्प केलेली असते. लॉजिटेक जी२९ सारखं गिअरवर चालणारं व्हील सुमारे २ न्यूटन-मीटर पीळ देतं. फनाटेकचं सीएसएल डीडी ५ किंवा ८, आणि मोठी डायरेक्ट ड्राइव्ह व्हील्स (मोटर थेट दांड्यालाच जोडलेली) २० च्या पुढे जातात. गेमने पाठवलेला जोर मोटरच्या ताकदीबाहेर गेला की तो वरून छाटला जातो, त्याला क्लिपिंग म्हणतात. लहान व्हीलवर गेन (एकूण जोराची सेटिंग) १०० टक्के ठेवला की वेगाच्या वळणात सगळं एकसारखं जड लागतं, आणि वर सांगितलेला तो नाजूक हलकेपणा नेमका छाटलेल्या भागात हरवतो. मग लोक म्हणतात, ‘मर्यादा कळतच नाही, फिजिक्स बेकार आहे.’ गेन कमी करून पाहा, गेम बदलण्याआधी.

तिसरी गोष्ट चाळणी नसून भेसळ आहे, आणि खरा मतभेद तिथे आहे. खऱ्या ड्रायव्हरला गाडीची मागची बाजू सुटल्याचं पाठीतून, कमरेतून, कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेतून कळतं. खुर्चीत बसून खेळणाऱ्याकडे यातलं काही नसतं. म्हणून काही गेम ही खबर स्टिअरिंगमध्येच मिसळतात. २०१५ च्या प्रोजेक्ट कार्समध्ये ‘सीट ऑफ पँट्स’ नावाच्या सेटिंग्ज याचसाठी होत्या. असेटो कॉर्सामध्ये कर्ब (ट्रॅकच्या कडेची उंचवट्याची पट्टी), रस्ता, स्लिप, एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) यांचा परिणाम कमी-जास्त करणाऱ्या वेगळ्या पट्ट्या आहेत, शिवाय अंडरस्टिअर ठळक करणारा एक पर्याय आहे: पुढची चाकं घसरली की स्टिअरिंग मुद्दाम जास्त हलकं करणारा. हा पर्याय चालू केला म्हणून टायरच्या ग्रिपमध्ये कणाचाही फरक पडत नाही. आयरेसिंगने उलट भूमिका घेतली: स्टिअरिंगच्या दांड्यावर जे येईल तेच हाताला. मला ही भूमिका प्रामाणिक वाटते, पण ती जास्त उपयोगी आहेच असं नाही. मागची चाकं सुटत असल्याचं दांड्यावर उशिरा उमटतं, आणि तोवर खुर्चीतल्या माणसाचा सावरायचा क्षण निघून गेलेला असतो. खोटा परिणाम टाकून एकूण अनुभव खऱ्याच्या जवळ नेता येतो, हे मान्य करायला शुद्धतावाद्यांना जड जातं.

या दोन गोष्टी किती सुट्या आहेत याचा सर्वात स्वच्छ नमुना २००५ च्या आरफॅक्टर या गेमने दिला. त्याचा मूळ फोर्स फीडबॅक बऱ्याच जणांना पोकळ वाटायचा. मग रिअलफील नावाचं प्लगइन, म्हणजे गेमला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, आलं. त्याने हाताला द्यायचा जोर पुढच्या चाकांच्या स्टिअरिंग आर्मवर पडणाऱ्या जोरातून काढला. त्याच गाड्या, तेच ट्रॅक अचानक जिवंत झाले. टायर मॉडेलची एक ओळही बदललेली नव्हती.

याच्या उलट टोकाला गेमपॅड आहे. तिथे दांडाही नाही आणि पीळही नाही, म्हणून ‘पॅडवर खेळलं की आर्केड’ (म्हणजे खरेपणा नसलेला, नुसत्या मौजेचा गेम) असा शेरा मारला जातो. खाली चालणारं गणित तेच असतं. फक्त अंगठा आणि चाकं यांच्या मध्ये गेम एक मध्यस्थ बसवतो: वेग वाढला की चाकं कमी वळू देणारा. व्हीलवाल्यांकडे याचंच भावंड असतं, चुकीचा स्टिअरिंग लॉक. गाडीचं स्टिअरिंग ५४० अंश फिरणारं, तुमचं व्हील ९०० वर ठेवलेलं आणि गेमने जुळवणी केलेली नाही, असं झालं की गाडी सुस्त वाटते. उलट झालं की चंचल. टायरवर खापर फोडण्याआधी हे दोन मिनिटांत तपासता येतं.

मग फिजिक्स ओळखायचं कसं? फोर्स फीडबॅक शून्यावर आणा आणि चालवा. विचित्र वाटेल, पण आता जे उरलं ते निव्वळ गाडीचं वागणं. वळणाच्या मध्यावर थ्रॉटल एकदम सोडा: वजन पुढे येऊन गाडीचं नाक आत ओढलं जायला हवं, मागे इंजिन असलेल्या गाडीत तर मागची बाजू बाहेर यायला हवी. ब्रेक लवकर सोडून वळणात शिरा: पुढची बाजू बाहेर वाहायला हवी. ग्रिपचा बराचसा हिस्सा ब्रेकमध्ये खर्च होत असताना स्टिअरिंग वळवा: गाडी दोन्ही कामं पूर्ण ताकदीने करत असेल, तर टायरची एकूण ग्रिप वाटून घ्यायची असते हे त्या गेमला ठाऊक नाही. आणि अगदी हळू चालवूनही पाहा. टायरची घसरण वेगाच्या प्रमाणात मोजताना वेगाने भागावं लागतं, आणि वेग शून्याजवळ गेला की ते सूत्र कोलमडतं. उतारावर उभी गाडी हळूच सरकत राहते किंवा जागेवरून निघताना विचित्र थरथरते ती बऱ्याचदा यामुळे.

यानंतर रिप्ले पाहा. ‘मागची बाजू न सांगता सुटली’ ही सर्वात नेहमीची तक्रार, आणि तिचे दोन अगदी वेगळे अर्थ असतात. रिप्लेमध्ये मागची चाकं सुटण्याआधी चांगला अर्धा सेकंद हळूहळू वाहताना दिसत असतील, तर गाडीने सांगितलं होतं, तुमच्यापर्यंत पोचलं नाही. फीडबॅक, पडद्यावरचा दृश्यकोन, टायरचा आवाज यांत शोधा. वाहणं दिसतच नसेल आणि गाडी एका झटक्यात फिरली असेल, तर टायर थंड होते का, सेटअप टोकाचा आहे का हे बघून मग टायर मॉडेलला दोष द्या. कर्बचा धक्का मात्र मधला मामला आहे. तो ट्रॅकच्या पृष्ठभागातून सस्पेन्शनमार्गे आलेला असू शकतो, किंवा कर्बवर चाक गेलं की वाजवायचा ठरलेला कंप असू शकतो. एकाच कर्बवरून वेगवेगळ्या वेगाने जाऊन पाहा. धक्का दर वेळी हुबेहूब तसाच आला, तर तो ठरलेला आहे.

एबीएसचं प्रकरण तर उघडच आहे. खऱ्या गाडीत एबीएस लागला की थरथर पायाखाली, पेडलमध्ये येते. बहुतेकांचं पेडल मुकं असल्यामुळे गेम ती हातात देतो, आणि लोक ब्रेकची मर्यादा तळहाताने शिकतात. कंप देणारी मोटर पेडललाच लावलेली असेल, तर स्टिअरिंगवरची एबीएसची पट्टी शून्यावर न्यायला हरकत नाही. त्या क्षणी हातात येणारा पुढच्या टायरचा खरा पीळ निदान त्या थरथरीखाली दबणार नाही.