साखळीतल्या चुंबकाची दुभंगणारी लाट

वाशीहून लोकल खाडीपुलावरून मानखुर्दकडे निघाली की डाव्या हाताला ट्रॉम्बेची टेकडी दिसते. त्या बाजूला, खाडीच्या काठावर असलेल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात 1985 साली ‘ध्रुव’ अणुभट्टी सुरू झाली आणि तिच्यातून बाहेर काढलेल्या न्यूट्रॉनांच्या झोतांनी पदार्थांच्या पोटातले चुंबकत्व तपासले जाऊ लागले. न्यूट्रॉनावर विद्युतभार नसतो, म्हणून तो स्फटिकात खोलवर शिरतो. परंतु तो स्वतः एक इवलासा चुंबक असल्यामुळे आतल्या चुंबकी अणूंशी त्याची गाठ पडते, आणि बाहेर येताना त्याने किती ऊर्जा व किती संवेग गमावला हे मोजले की आत काय हलले ते कळते.

जे हलते तो एकटा अणू नसतो. चुंबकी पदार्थातल्या अणूंचे स्पिन, म्हणजे अणूला इवलासा चुंबक बनवणारा अंगभूत गुण, शेजाऱ्यांशी बांधलेले असतात, त्यामुळे एकाला धक्का लागला की त्याची लाट साऱ्या स्फटिकभर पसरते. ही कल्पना फेलिक्स ब्लॉख यांनी 1930 साली मांडली. या लाटेच्या ऊर्जेच्या एका पुंजाला मॅग्नॉन म्हणतात आणि त्याचा स्पिन 1 असतो. नेहमीच्या चुंबकांचे वर्णन त्याने उत्तम होते.

अणू एकाच ओळीत, साखळीसारखे बांधलेले असले की मात्र हे चित्र मोडते. ते कसे मोडते हे स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाहता येते. आठ वाट्या एका ओळीत मांडाव्यात: पहिली उताणी, दुसरी पालथी, तिसरी उताणी, असे आठवीपर्यंत. शेजारच्या दोन वाट्या नेहमी एकमेकींच्या उलट, हा या चुंबकाचा नियम. आता चौथी वाटी उताणी करावी. तिसरी, चौथी आणि पाचवी अशा तीन वाट्या सारख्या झाल्या, म्हणजे नियम दोन ठिकाणी मोडला. मग पाचवी आणि सहावी यांची अदलाबदल करावी. नियमभंग अजूनही दोनच आहेत, पण एक तिसरी-चौथीच्या मध्ये आहे आणि दुसरा सहावी-सातवीच्या मध्ये सरकला आहे. अशा अदलाबदली करत गेले तर दोघे कितीही लांब जातात आणि त्यासाठी जास्तीची ऊर्जा लागत नाही. प्रत्येक वाटी म्हणजे अर्धा स्पिन असलेला एक अणू, म्हणून एक वाटी उलटल्याने, उणे अर्ध्यावरून अधिक अर्ध्यावर जाताना, स्पिनमध्ये 1 चा फरक पडला होता. तो आता दोघांत अर्धा-अर्धा वाटला गेला. या प्रत्येक अर्ध्याला स्पिनॉन म्हणतात. इलेक्ट्रॉनाचे तुकडे होतात असे याचे वर्णन कधी कधी वाचायला मिळते, ते मला दिशाभूल करणारे वाटते. वाट्या ओट्यावरच राहतात, तसे इलेक्ट्रॉनही आपापल्या अणूंपाशीच राहतात. प्रवास करतो तो शेजाऱ्यांमधला बेबनाव.

हेच फरशीवर अनेक ओळी मांडून करून पाहावे. दोन नियमभंग एकमेकांपासून दूर नेले की मधल्या प्रत्येक वाटीचे वरच्या-खालच्या ओळींतल्या शेजारणींशी बिनसते, आणि जितके अंतर तितकी किंमत वाढते. म्हणून तिथे ते दोघे जोडीनेच राहतात. मितींची संख्या इतकी निर्णायक ठरते.

खरी साखळी वाट्यांइतकी शिस्तीची नसते, कारण क्वांटम नियमांमुळे तिच्या सर्वांत कमी ऊर्जेच्या अवस्थेतही स्पिनांची अदलाबदल अखंड चालू असते. तिचे अचूक गणित हान्स बेथे यांनी 1931 साली सोडवून दाखवले. तरीही तिच्यातल्या मूलभूत उत्तेजनाचा स्पिन अर्धा असतो, हे फादेयेव आणि ताख्ताजान यांनी 1981 साली स्पष्ट करेपर्यंत पन्नास वर्षे गेली.

न्यूट्रॉन स्पिनमध्ये 0 किंवा 1 चाच फरक घडवू शकतो, अर्ध्याचा नाही, त्यामुळे त्याला एकटा स्पिनॉन निर्माण करता येत नाही, जोडीच करावी लागते. गमावलेला संवेग दोघांत कसाही वाटला जाऊ शकतो, आणि प्रत्येक वाटणीला ऊर्जा वेगळी. म्हणून मॅग्नॉनासाठी आलेखावर एक रेघ उमटते, तर स्पिनॉनांसाठी रुंद पट्टा दिसायला हवा. पोटॅशियम कॉपर फ्लोराईडच्या स्फटिकात, जिथे तांब्याच्या अणूंचे स्पिन एकाच दिशेतल्या शेजाऱ्यांशी घट्ट बांधलेले असतात, तो पट्टा 1993 साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत दिसला.

अणूचा स्पिन अर्ध्याऐवजी 1 असेल, तर साखळी वेगळीच वागते: स्पिनॉन सुटे होत नाहीत आणि ठरावीक किमान ऊर्जा दिल्याशिवाय तिच्यात काहीच हलत नाही. हे भाकीत 1983 साली करणारे डंकन हॉल्डेन 2016 च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी ठरले.